गुंफाबाईचं घमेलं

गुंफाबाईच्या अंगणात पाऊल टाकायचं, तर आधी ते घमेल्यात बुडवावं लागे. फाटकाच्या आत, अगदी वाटेतच, तिनं एक प्लास्टिकचं घमेलं ठेवलेलं असे आणि त्यात ब्लिचिंगचं पांढुरकं पाणी. चपलेसकट त्यात उभं राहायचं, मग ओट्यापर्यंत यायचं. पोस्टमन असो की सरपंच, सुटका नसे. कोणी बाजूनं वळसा घालायला लागलं की ओट्यावरून आवाज येई, "बापा, पाय कोरडे दिसून राह्यले."

माझ्या लाल सँडलचा रंग त्या पाण्यानंच गेला. बरंच झालं. राळेगाव तालुक्यातल्या त्या गावात मी शिक्षिका म्हणून आले तेव्हा ऐन पंचविशीत होते आणि जगातलं बहुतेक सगळं मला कळून चुकलं होतं. कपाशीच्या काळ्या मातीत मी टाचेच्या सँडल घालून चाले. म्हणजे दोन पावलं चाले आणि तिसऱ्याला रुते. अख्ख्या गावाला मी मला 'मॅडम' म्हणायला लावलं होतं. एकटी गुंफाबाई 'पोरी' म्हणे. तिच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहत असल्यामुळे मला फार फणकारा दाखवता येत नसे.

गुंफाबाई अंगणवाडीत मदतनीस होती. उंच, रुंद खांद्यांची, नवरा केव्हाच गेलेला, मुलगा पुण्याकडे कंपनीत. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, ओट्यावर राणी नावाची पिवळट कुत्री, आणि संध्याकाळी राणीच्या शेजारी इंदूबाई. इंदूबाई समोरच्या घरची, कापसाचं वावर असलेल्या पाटलांच्या घरातली. घरचं कोणी दिसत नाही असं पाहून ती यायची आणि दोघी तंबाखूत चुना मळत बसायच्या. गप्पा कमी, थुंकणं जास्त.

राणी व्यायली की गुंफाबाई ताट घेऊन घरोघर निघे. "बाळंतीण आहे घरात, शिऱ्याचं द्या." कोणी मूठभर कणीक टाकी, कोणी गूळ, कोणी पळीभर तेल. त्याचा शिरा करून ती राणीला ओट्यावर बसवून खाऊ घाली. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा तिला समजावलं, की कुत्रीला शिरा नको, प्रोटीन लागतं.

"लागते ना," ती म्हणाली. "मंग टाक ताटात तुहं प्रोटीन."

मी गूळ टाकला.

ते कापसाचे वाईट दिवस होते. त्यावर पुष्कळांनी पुष्कळ लिहिलंय, मी त्यात काय भर घालू. शाळा सुटली की कोणाच्या ना कोणाच्या घरी बसायला जायचं असे. तिथं कोणी फारसं रडत नसे. चहा येई, कपबशा परत जात, आणि आम्ही उठून घरी येऊन स्वयंपाकाला लागत असू. घराघरांत फवारणीच्या औषधाचा डबा कुलपात गेला होता आणि किल्ली घरच्या बाईच्या कमरेला आली होती. हे कोणी कोणाला शिकवलं नव्हतं. इंदूबाईच्या कमरेलाही ती होती. तिच्या नवऱ्यानं बोलणं जवळजवळ सोडलं होतं. जेवायचा, आणि गोठ्यातल्या खाटेवर जाऊन बसायचा. तंबाखू मळता मळता इंदूबाईची मान मधूनच त्या गोठ्याकडे वळे.

अशातच राणीची पिल्लं आजारी पडली. आदल्या दिवशी पायांत लुडबुडणारी पिल्लं खाईनाशी झाली, ओकायला लागली, मग रक्ताची हगवण. तो वास मी अजून विसरले नाही. एकेक करत ती गेली आणि एक उरलं. हंगाम फवारणीचा होता. पाहायला आलेला जो तो म्हणाला, औषध चाटलं असणार. गावात कुत्रं मेलं की लोक हेच म्हणत. गुंफाबाईनंही तेच धरलं. पिल्लं खेळायला जायची ती समोरच्या गोठ्यात.

ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. "इंदे, डबा उघडा टाकला का तू?"

इंदूबाई दारात आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "माह्या घरात डबा उघडा राहत नाई."

"मंग माही पिल्लं काय हवा खाऊन मेली?"

"गुंफे, कुत्र्यासाठी तू मले हे इचारून राह्यली?" इंदूबाई हळू बोलली. "डबा उघडा राह्यला असता, तर पिल्लंच मेली असती का?"

तिनं दार लावलं. रस्त्यावर जमलेले एकेक करत आपापल्या घराकडे वळले. सगळ्यांच्या घरी डबे होते.

उरलेल्या पिल्लाचं नाव कलेक्टर. नाव जन्मतःच ठेवलेलं होतं. "आपल्या घरात कोणी तरी व्हावं ना बापा," हे त्यामागचं कारण. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन आम्ही एसटीनं तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात निघालो. पिशवी माझी, नवी, नागपूरहून आणलेली. वास गाडीभर पसरला. कंडक्टर नाकाला रुमाल लावून म्हणाला, "मॅडम, काय सडलं?" मी खिडकीबाहेरची तूर पाहत राहिले.

गुंफाबाई म्हणाली, "कलेक्टर आहे. जागा दे."

मागच्या सीटवरचा एक म्हातारा म्हणाला, "माणसं मरून राह्यली, अन् ह्या बाया कुत्र्याले दवाखान्यात नेऊन राह्यल्या."

गुंफाबाईनं मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. "माणसाचं मले काही करता येत नाही, बाबा. याचं येते का पाहतो."

दवाखाना बैल-बकऱ्यांचा. डॉक्टर तरुण होते, पण दमलेले. पिशवी उघडल्याबरोबर म्हणाले, "पार्वो."

"फवारणीचं औषध चाटलं ना, डॉक्टर?" मी म्हणाले. विचारायचं सोडून सांगायची सवय मला तेव्हा फार होती.

"नाही हो मॅडम. रोग आहे, विषाणूचा. लस न दिलेल्या पिल्लांत इतका आढळतो, की मी आता वासावरून सांगतो. गावठी, विलायती, खेड्यातलं, शहरातलं, सगळीकडे आहे. पण इथं येणारा प्रत्येक जण सांगतो औषध चाटलं, आणि वर शेजाऱ्याचं नावही सांगतो."

"मंग गावात इतके कुत्रे मरतात ते?" गुंफाबाईनं विचारलं.

"लहान पिल्लं असतील तर बरीचशी यानंच."

त्यांनी सलाईन लावलं. यावर नेमकं औषध नाही, अंगातलं पाणी टिकलं तर पिल्लू तगतं, म्हणाले. तगलंच तर पुढे लसही द्यायची. रोग अंगणातल्या मातीत वर्षभरही राहतो, माणसांच्या पायांना, चपलांना लागून एका घरातून दुसऱ्या घरात जातो, नुसत्या सारवणानं किंवा साबणानं जात नाही, ब्लिचिंग लागतं. मी मान डोलावत होते. गुंफाबाई ऐकत नव्हती.

"म्हणजे डबा नव्हता," ती म्हणाली.

"कोणता डबा?"

"नाई. काही नाई."

रोज नेऊन-आणून कलेक्टर जगला. पण त्या पहिल्याच दिवशी एसटीतून उतरल्यावर गुंफाबाई घरी न जाता आधी इंदूबाईच्या बंद दारासमोर गेली होती. मी पिशवी घेऊन मागं उभी.

"इंदे, डबा नव्हता. रोग होता. मी चुकलो."

आत भांडी वाजत होती. ती थांबली. मग पुन्हा वाजायला लागली.

घमेलं आलं ते तेव्हापासून. गावात सगळीकडे पिल्लं मरत होती, लोक पाहायला येत होते, आणि तेच पाय सगळ्या घरांतून फिरत होते. डॉक्टरांचं म्हणणं माझ्याकडून पुन्हा ऐकून गुंफाबाईनं ग्रामपंचायतीच्या शिपायाकडून ब्लिचिंग मागून आणलं आणि घमेलं वाटेत ठेवलं. वेचणीचे दिवस आले तेव्हा एका संध्याकाळी इंदूबाई फाटकाशी दिसली. पदराआड वाटी होती. राणी शेपूट हलवत उठली. मी चहाचं आधण ठेवायला वळले.

"पाय बुडव, इंदे," गुंफाबाई ओट्यावरून म्हणाली.

इंदूबाईनं घमेल्याकडे पाहिलं. "कायले?"

"बुडव ना. मंग ये."

"आमच्या दारात यायचं तर तुम्ही पाय धुत होता, गुंफे. आता आमचे धुवून घेतं का?"

मला वाटलं आता गुंफाबाईचा आवाज चढेल. ती उठलीसुद्धा नाही. "मीबी बुडवतो रोज. माह्या सोताच्या घरात यायले. रोगाचं पाणी आहे ते."

इंदूबाई वाटीसकट परत गेली. मी म्हणाले, आजच्या दिवस सोडायचं होतं. गुंफाबाई कलेक्टरच्या बरगड्यांवरून हात फिरवत होती. "अन् हा गेला तर मंग मी पुन्हा कोणाचं नाव घेऊ?"

पुढे दोघी रस्त्याच्या दोन बाजूंना आपापल्या ओट्यावर बसत. एकमेकींकडे तोंड करूनच. बोलत नसत.

माझी बदली यवतमाळला झाली. लग्न, मुलं, टाचेच्या सँडलऐवजी गुडघ्याचा पट्टा, हे सगळं क्रमानं आलं. एक दिवस निरोप आला. गुंफाबाई अंगणवाडीत तांदूळ निवडता निवडता एका कुशीवर कलंडली होती.

मी पोचले तेव्हा अंगण भरलं होतं. घमेलं भिंतीला पालथं पडलेलं. सगळे कोरड्या पायांनी आत आले होते, मीही. ओट्याखाली कलेक्टर झोपला होता. म्हातारा, एका डोळ्यात फूल पडलेलं. मला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. मी कपबशा गोळा करत राहिले.

इंदूबाई आली आणि फाटकाशी थांबली. बायका म्हणाल्या, "या ना आत."

"पाणी नाई भरलं कोणी?"

"आता कायले लागते ते?"

तिनं घमेलं सुलटं केलं, वाटेत आणून ठेवलं, हापशावरून पाणी आणून ओतलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी आत जाऊन फळीवरचा ब्लिचिंगचा डबा आणला. भुकटी पाण्यात विरघळेपर्यंत ती थांबली, आणि चपलेसकट त्यात उभी राहिली. बराच वेळ.

"माहा डबा कुलपातच होता," ती म्हणाली. पाण्याकडे पाहून.

"तिला कळलं होतं ते," मी म्हणाले.

"मालूम आहे. दारात येऊन सांगतलं तिनं. आयकलं मी."

ती ओट्याकडे गेली. किल्ली अजून कमरेला होती. तिच्या मागं फाटकाशी तिचा नवरा उभा होता, पांढऱ्या केसांचा. त्यानं अंगणातल्या कोणाकडे पाहिलं नाही. धोतर जरा वर धरलं आणि पाय बुडवले.