बांधावरची गाय

माझ्या पूजेसाठी रोज पहाटे दूध घेऊन येणारे ते गृहस्थ मितभाषी आहेत. चार शब्द बोलायचे तरी आधी घसा खाकरतात. राहुरीजवळच्या आमच्या गावात त्यांनी शेजारच्या वृद्ध मावशींचे रान बँकेचे कर्ज काढून विकत घेतले. खरेदीखत झाले, सातबाऱ्यावर त्यांचे नाव लागले. मावशींच्या खात्यात मात्र बँकेकडून पैसे यायचे होते.

एके सकाळी या गृहस्थांची गाय त्या रानात शिरली. ते धावले आणि तिला ओढून बांधावर आणू लागले.

"येड्या, रान आता तुझंच हाय," मावशी हसल्या. "चरू दे की तिला."

त्यांनी घसा खाकरला. "तुमचं पैसं तुमाला पोचू द्या, मावशी. तवर गवत तुमचं."

"मग इकत घे."

"घेतो. लई महाग नका लावू."

आणि स्वतःच्या नावावरील रानातला भारा त्यांनी रोख पैसे देऊन नेला.

पैसे जमा झाले, त्या दिवशी मावशींनी स्वतः दावे धरून गाय रानात नेली. त्या गाईचे दूध माझ्या देवाला चढते, याचा मला अभिमान वाटतो.