दस्तगीरचाचांचं वाकणारं लाकूड

दस्तगीरचाचा माणसाला पायांवरून ओळखत. दुकानात कोण आलं हे पाहायला ते मान वर करत नसत. चपला, टाचा आणि घोटे एवढं पाहून "या, बसा" म्हणायचं की "उद्या या" हे ठरवत. मी फलटणला बदलून आले तेव्हा शाळेचे मोडके बाक दुरुस्त करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मी विज्ञान शिकवते, पण कुठल्याही शाळेत गेले तरी दोन आठवड्यांत याद्या करायची सगळी कामं माझ्याकडे येतात. अकरा बाक, चार खुर्च्या आणि फळ्याचा एक स्टँड, कुठे काय मोडलंय त्यासह लिहून मी त्यांच्या दुकानात शिरले. त्यांनी रंधा थांबवला, यादी हातात घेतली आणि माझ्या पायांकडे पाहिलं.

"बाई, उजवी चप्पल बाहेरच्या अंगानं झिजलीया. सांजच्याला गुडघा दुखत आसंल."

दुखत होता. पण बाकांचं बोलायला आलेल्या बाईने अनोळखी सुताराला गुडघ्याचं काय सांगायचं, म्हणून मी यादीतल्या पहिल्या बाकावर बोट ठेवलं. त्यांनी दारामागून पत्र्याचा एक पसरट ट्रे काढला. त्यात बारीक भुसा होता. पट्टीने तो सपाट केला आणि माझ्यासमोर ठेवला.

"चप्पल काढून ह्यात हुबं ऱ्हावा. भुसा खोटं बोलत न्हाई."

मी उभी राहिले, उतरले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून माझ्या पावलांचे ठसे पाहिले, पेन्सिलीने दोन-तीन मापं भिंतीवर लिहिली आणि म्हणाले, "बाक शनवारी देतो." पायांबद्दल एक शब्द नाही. माझा चेहरा त्यांनी नीट पाहिला तो पुढे महिन्याभराने, तेही मी चष्मा बदलला होता म्हणून.

चाचा साठीच्या पुढचे होते. अंगाने काटकुळे, कानामागे पेन्सिल. दारं, खिडक्या आणि चौकटी हे त्यांचं काम. कुणी म्हणालं, "चाचा, दार काय झकास बसलंय," तर त्यांना ते आवडत नसे. "दार हाय. बसायलाच पायजे. कुठं घासतंय ते सांगा." घासत नाही म्हटलं तर त्यांचा विश्वास बसायचा नाही. स्वतः जाऊन दार दहा वेळा उघडून-मिटून बघायचे. "तारीफ घरी ठिवा, कुठं डाचतंय ते सांगा," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की वर्गात मुलांच्या प्रयोगवह्या तपासताना माझ्याही तोंडात बसलं.

त्यांचं लक्ष लोकांच्या पायांकडे लागायला कारण त्यांची बायको. जैनबचाची आमच्या शाळेत पोषण आहार शिजवत. कोणाला वाटाणा आवडत नाही, कोण सकाळी उपाशी येतं, कोणाला दुसऱ्यांदा वाढायला लाज वाटते, हे त्यांना आम्हा शिक्षकांपेक्षा जास्त माहीत होतं. पण शहाबादी फरशीवर वर्षानुवर्षं उभं राहून त्यांच्या टाचा गेल्या होत्या. डॉक्टरांनी मऊ चपला सांगितल्या. मऊ चपलेत टाच बुडायची आणि जास्तच दुखायची, शिवाय ओल्या फरशीवर ती चप्पल घसरायची. शेवटी चाचींनी घरून जेवायचा लाकडी पाट आणला आणि शेगडीपुढे त्यावर उभं राहायला लागल्या. पाटावर बरं वाटायचं. पण स्वयंपाक म्हणजे एका जागी उभं राहणं नव्हे. धान्याच्या कोठीपर्यंत, नळापर्यंत, वाढायला व्हरांड्यापर्यंत चालावं लागायचं, आणि तिथे त्या भिंत धरून चालायच्या. मधेमधे बसायच्या. शाळेच्या समितीत कुणीतरी विषय काढला की दिवाळीनंतर दुसरी बाई बघावी. त्या बैठकीचं इतिवृत्त मीच लिहिलं, म्हणून मला ठाऊक. चाचांनाही कळलं होतं.

"ती घरात बसली तर दोन म्हयन्यात आजारी पडंल," ते मला म्हणाले. "अन् तिच्याआदी मी पडंन. दिवसभर मला शिकवंल रंधा कसा मारायचा."

दिवाळीला तेव्हा तीन महिने होते.

चाचांचा विचार सुताराचा होता. पाटावर उभं राहिलं की दुखत नाही, मग पाटच पायाला बांधायचा. मेढ्याच्या रानातून त्यांनी शिवणीच्या झाडाचं लाकूड आणवलं. ते हलकं असतं आणि चिरत नाही. चाचींच्या भुशातल्या ठशावरून त्यांनी टाचेला खळगा केला, तळव्याच्या कमानीला उंचवटा दिला, वर चामड्याचा पट्टा मारला. चाचींनी त्या चपला घातल्या, उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "लय ग्वाड." मग चालायला लागल्या. पाऊल वाकतं, लाकूड वाकत नाही. टाच वर, लाकूड खाली, फटाक-फटाक आवाज करत त्या कोठीच्या उंबऱ्याला अडखळल्या आणि हातातल्या डाळीसकट माझ्या अंगावर आल्या. त्या दिवशी खिचडीत डाळ कमी पडली आणि मुख्याध्यापकांनी मला कारण विचारलं.

"लाकूड वाकाय पायजे," चाचा म्हणाले, जणू ती उद्या करायची गोष्ट होती.

त्या उद्याचे तीन आठवडे झाले. साखर कारखान्याच्या भंगारातून त्यांनी ऊस वाहणाऱ्या पट्ट्याचा रबरी तुकडा मिळवला. चपलेच्या तळव्याचा पुढचा भाग आडवा कापून त्याच्या चार पट्ट्या केल्या आणि त्या खालून रबराला जोडल्या. आता तळवा दुकानाच्या शटरसारखा वाकायचा. तसाच एक जोड त्यांनी माझ्यासाठीही केला. "तुमी सात तास हुबं ऱ्हाता. चालून बगा अन् यादी आणा."

हे मात्र माझ्या मनासारखं काम होतं. दर रविवारी सकाळी मी यादी घेऊन जायची. ते पटाशी खाली ठेवायचे, पाय दुमडून बसायचे आणि म्हणायचे, "वाचा."

"एक. डाव्या चपलेचा अंगठा सैल."

"फुडं."

"दोन. जिना उतरताना आवाज होतो. मुलांना आधीच कळतं मी येतेय."

"त्ये बरंच की. फुडं."

"तीन. बोटांच्या मागे कातडीला चिमटा बसतो."

इथे ते थांबले. "चिमटा? जैनबला न्हाई बसत."

"विचारलंत का?"

"रोज इचारतो. बरं हाय म्हणती."

तिसरा मुद्दा त्यांनी बाजूला ठेवला. माझी चाल वाकडी आहे, म्हणून चिमटा बसत असेल, असं ठरलं. पुढच्या रविवारी तोच मुद्दा माझ्या यादीत पहिला होता. त्यांनी पट्ट्या आणखी बारीक केल्या, फटी आणखी अरुंद केल्या. चिमटा आणखी बारीक झाला, म्हणजे जास्त झोंबायला लागला. चाची मात्र म्हणायच्या, बरं हाय. चाचा खूश. दिवाळीला पाच आठवडे उरले.

एका मंगळवारी मी धान्याचा साठा मोजायला अचानक स्वयंपाकघरात गेले. चाची पाटावर अनवाणी उभ्या होत्या. चपला खिडकीत ठेवलेल्या. बोटांच्या मागे दोन्ही पावलांना फडकं बांधलेलं, आणि फडक्याला रक्ताचे डाग. घरून चपला घालून यायच्या, इथे काढायच्या, जाताना परत घालायच्या. तीन आठवडे.

"बाई, त्यास्नी सांगू नगा," त्या म्हणाल्या. "त्यांचं चाळीस वरसं माझ्या हातचं खाणं झालं. कवा मीठ कमी म्हणालं न्हाईत, कवा करपलं म्हणालं न्हाईत. मी कुठल्या तोंडानं म्हणू चप्पल टोचती?"

मी वचन दिलं नाही. मला न पाळता येणारी वचनं मी देत नाही. रविवारी यादी वाचली आणि शेवटचा मुद्दा म्हणून सांगितलं, "सहा. जैनबचाचींच्या पायाला जखमा आहेत. त्या शाळेत चपला घालतच नाहीत."

चाचांनी कानामागची पेन्सिल काढली, परत ठेवली. मग उठून दुकानामागच्या घरात गेले. मीही मागोमाग गेले, कारण बोलले मी होते. नवरा-बायको एकमेकांशी दख्खनीत बोलायचे, पण त्या दिवशीचं भांडण मराठीत झालं. मला सगळं कळावं, अशी दोघांचीही इच्छा असावी.

"सुतार हाय मी," चाचा म्हणाले. "गावानं मला नावं ठिवल्याली चालत्यात. घरच्यानं खोटं सांगितल्यालं चालत न्हाई."

"अन् तुमी मला काय खरं सांगितलंसा आजवर? परवाची आमटी कशी हुती?"

"चांगली हुती."

"आळणी हुती. मीठच टाकलं न्हवतं मी. मी चाखली अन् गप बसले, म्हटलं आज तरी बोलतील. दोन वाट्या प्यालासा."

चाचांनी बोटांवर मोजलं. मग हळूच म्हणाले, "तीन प्यालो." आणि खाली बसले. "फडकं सोड. पाय बगू दे."

त्या दिवशी मी चाचांना पहिल्यांदा जमिनीवर आडवं झालेलं पाहिलं. अंगणात त्यांनी भुशाचा लांब पट्टा टाकला आणि चाचींना अनवाणी त्यावरून चालायला लावलं. स्वतः गाल जमिनीला टेकवून बाजूने बघत राहिले. एकदा, दोनदा, दहादा. चाची म्हणाल्या, "आवं, शेजारचे बघत्यात." ते म्हणाले, "बघू दे. तू चाल."

मग ते उठले, गालाला भुसा तसाच, आणि दुकानातून गुण्या घेऊन आले. चौकटीचा कोपरा काटकोनात आहे की नाही हे बघायचं सुताराचं ते हत्यार. त्यांनी तो ठशावर ठेवला, डोकं हलवलं आणि माझ्याकडे वळले.

"बाई, पाऊल आडवं मोडत न्हाई. तिरकं मोडतंय. अंगठ्यापाशी फुडं अन् करंगळीपाशी मागं. मी जल्मभर दारं केली, म्हणून पायालाबी गुण्या लावला."

आपली चूक सापडल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. जेवायलाही थांबले नाहीत. चार पट्ट्यांऐवजी दोनच काप घेतले, तिरके, ज्याच्या त्याच्या पायाच्या मोडीप्रमाणे. आणि रबर खालून काढून वर आणलं, त्यावर मऊ चामडं चढवलं. आता पाऊल वाकलं की फट वर मिटायची नाही, खाली उघडायची. कातडीला काही लागायचंच नाही. माझ्या उजव्या पायाची मोड डाव्यापेक्षा जास्त तिरकी निघाली. चाची म्हणाल्या, "माझी दोन्ही सारखी हायत," आणि त्यात त्यांना थोडा अभिमान वाटला.

जखमा भरायला दोन आठवडे गेले. मग नव्या चपला पायात आल्या. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी शाळेत गोडाचं जेवण असतं आणि समितीची माणसंही येतात. चाचींनी पहाटेपासून उभं राहून शिरा केला, मसालेभात केला, कोठीपर्यंत किती फेऱ्या मारल्या ते मी मोजलं नाही, पण भिंत एकदाही धरली नाही. वाढायला स्वतः व्हरांड्यात आल्या. समितीतले एकजण जागेवरून म्हणाले, "चाची, बसा की आता." चाची म्हणाल्या, "तुमी बसलाय तेवढं पुरं हाय. ताट फुडं करा." जेवणानंतर झालेल्या समितीच्या बैठकीत दुसऱ्या बाईचा विषय निघाला नाही, आणि विषय निघाला नाही हे मी इतिवृत्तात लिहिलं नाही.

चाचा फाटकाबाहेर उभे होते. आत या म्हटलं तर आले नाहीत. चाची चालत त्यांच्यापर्यंत गेल्या. "कुठं डाचतंय?" चाचांनी विचारलं. चाची म्हणाल्या, "घरी चला, सांगते."

त्यानंतर त्या घराचं वळणच बदललं. चाची रोज एक तरी तक्रार करायच्या आणि चाचाही आमटीला मीठ कमी, भाकरी जाड, असं धीर करून बोलायला शिकले. सुरुवातीला जड गेलं. "काल वांगं तिखट झालं म्हटलं," एकदा मला म्हणाले, "अन् घाम फुटला." गावातल्या इतर उभ्या राहणाऱ्या माणसांनीही हळूहळू चपला मागितल्या. इस्त्रीवाला, मेडिकल दुकानातली मुलगी, दोन कंडक्टर. प्रत्येकाला भुशात उभं राहावं लागायचं, आणि पंधरा दिवसांनी तक्रार घेऊन यावंच लागायचं. जो तक्रार न आणता नुसता आभार मानायला आला, त्याला चाचा उभं करून चालायला लावायचे, चपलेची काहीतरी खोड निघेपर्यंत.

तीन वर्षांनी माझी सांगलीला बदली झाली. आमच्या संस्थेच्या शाळा सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांत आहेत, त्यामुळे हे कधीतरी होणारच होतं. सामान भरलेला टेम्पो पुढे पाठवून मी निरोप घ्यायला दुकानात गेले. काय बोलायचं ते मनात चार मुद्द्यांत जुळवलं होतं. पहिला मुद्दा सुरू करणार तेवढ्यात चाची शाळेतून तणतणत आल्या आणि एक चप्पल काढून चाचांपुढे धरली.

"खालच्या फटीत खडं अडकत्यात. फरशीवर भातातला खडा चावल्यावानी करकर वाजतंय. समदी पोरं 'भातात खडा, भातात खडा' करून माझ्या मागं लागत्यात."

"कुठल्या फटीत? फुडल्या का मागल्या?"

"मागल्या. अन् आता इचारताय? सोमवारपासनं सांगतीया."

"सोमवारी तू डाव्या पायाचं सांगितलंस."

"डाव्याचं येगळं हुतं."

चाचांनी पेन्सिल काढून भिंतीवर लिहायला घेतलं. चाची त्यांच्या खांद्यावरून वाकून, बरोबर लिहितायत की नाही ते बघत होत्या, जरी त्यांना वाचता येत नव्हतं. मी थोडा वेळ उभी राहिले. मध्ये बोलायला जागा नव्हती. पायरी उतरले तेव्हा मागून चाचांचा आवाज आला, माझ्याकडे न बघताच:

"बाई, सांगलीची जमीन सपाट हाय. तिथं चाल बदलंल तुमची. म्हयन्यानं फोन करा."

आणि लगेच चाचींचा: "मागली म्हणाले मी. तुमी फुडली लिवली आसंल."