गणूचं वजन

हे मी माझ्या बहिणीलाही सांगितलेलं नाही, आणि तिच्यापासून मी एरवी काही म्हणजे काही लपवून ठेवलं नाही. तुम्हाला का सांगते आहे? ते मलाही नीट कळत नाही. भागी गेली, तिच्याबद्दल विचारणारंही आता कुणी उरलं नाही. तेव्हा मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. चाललंच होतं इतकी वर्षं—हीच तर अडचण आहे.

आमच्या रत्नागिरीत तेव्हा अनाथ मुलांचा एक आश्रम होता. अगदी तान्ही मुलं तिथल्या गर्दीत टिकत नसत, म्हणून ती आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायांकडे पाळायला देत. मुलाच्या वाटणीचे तांदूळ, गूळ आश्रमातून जाई. यजमान वारल्यावर मला तिथे काम मिळालं. दर महिन्याला घरोघरी जायचं, मुलाला झोळीत घालून काट्याला टांगायचं, वजन बघायचं, ताप आला होता का, पोट बिघडलं होतं का, देवी टोचून झाल्या का, हे सगळं त्याच्या तक्त्यावर लिहायचं. माझं अक्षर छान होतं. तक्त्यावर कधी खाडाखोड नसे. सगळे कौतुक करत, आणि मला ते कौतुक आवडे—फारच आवडे.

आता एक हसण्यासारखी गोष्ट सांगते. माझा जन्म मांडवीतला, समुद्र दारात, आणि मला पाण्याची भीती. हे बहिणीखेरीज कुणाला माहीत नव्हतं. मांडवीच्या बाईने असं सांगायचं तरी कसं? उन्हाळ्यात डोळे मिटून कशीबशी खाडी ओलांडायची मी. पण पावसाळ्यात भाट्याच्या खाडीला पाणी चढलं, की तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, बंद असायची. काही दिवस—सगळे दिवस नव्हे. मी मात्र एका पावसाळ्यात एकदाही पलीकडे गेले नाही, आणि खाडीपलीकडे एकच मूल होतं. भागीकडचा गणू.

त्याचं वजन मी घरी बसून लिहिलं. दर महिन्याला थोडं थोडं वाढवत नेलं. का नाही वाढणार? मूल गुटगुटीत होतं, आणि भागी त्याच्यावर जीव टाकत होती. तिचा नवरा मुंबईला गिरणीत, स्वतःचं मूल जन्मून आठवड्यात गेलेलं. तशातच गणू तिच्या पदरात आला. तिच्या कानाची पाळी मुठीत धरल्याशिवाय तो झोपत नसे. ती तशीच वाकून बसून राही, मान अवघडली तरी. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा तक्त्यावर थोडं इकडेतिकडे लिहिलं म्हणून कुणाचं काय बिघडणार होतं? इथवरचा अपराध किरकोळच, असं मी स्वतःला सांगत आले. पण मी सांगायला बसले आहे ते हे नव्हे.

नारळी पौर्णिमा झाली आणि आश्रमात नवे डॉक्टर आले. देशावरचे, तरुण, कामाला चोख. त्यांनी ठरवलं, बाहेर ठेवलेली सगळी मुलं इथे आणवायची आणि स्वतः तपासायची. भागी गणूला घेऊन आली. त्याला काजळ, गालावर तीट, नवं अंगडं. ती स्वतः लुगड्याला ठिगळ लावून आली होती. डॉक्टरांनी मुलाला काट्यावर टांगलं, मग तक्ता उचलला. गणूला दात येत होते, चालायलाही लागला होता. त्या वयात मुलं जरा उतरतातच. खरं वजन अगदी ठीक होतं. पण माझ्या कागदावरच्या गणूपेक्षा हा गणू तीन रत्तल कमी भरला.

डॉक्टरांनी भागीला विचारलं, मूल जेवतं का नीट?

आता हे तुम्हाला ठाऊक असेल. आमच्याकडे आपलं मूल छान खातं, बाळसं धरतं, असं चारचौघांत कुणी आई म्हणत नाही. दृष्ट लागते. पोर जितकं गुटगुटीत तितकी आईची तक्रार मोठी. माझी आईसुद्धा आल्यागेल्यापुढे माझ्याबद्दल हेच रडगाणं गायची, आणि मी तेव्हा दारात मावत नव्हते. भागीही तेच बोलली. लाजून, हसून, अभिमानाने बोलली.

"खातंय कुठं वो? वाळून गेलंय नुस्तां. आंगाला काय लागतच नाय त्याच्या."

डॉक्टरांना ही रीत माहीत नव्हती. त्यांनी ते कबूल केल्यासारखंच धरलं. तांदूळ-गूळ घरात दुसरीकडेच जातो, असा त्यांचा ग्रह झाला. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, ही वजनं दर महिन्याला तुम्हीच केलीत ना?"

हे ते. एवढंच सांगायचं होतं.

मी "हो" म्हटलं.

त्या खोलीत भागीच्या बोलण्याचा अर्थ जाणणारी मी एकटी होते. आकडे खोटे आहेत हे जाणणारीही मीच. दोन वाक्यं पुरली असती. एक तर नुसतं रीतीबद्दलचं होतं, त्यात माझं काहीच जात नव्हतं—पण ते बोलले असते तर त्यांनी विचारलं असतं, मग तीन रत्तल गेले कुठे? नोकरी गेली असती का? कदाचित गेली असती. पण खरं सांगू? मला त्या वेळी नोकरीचं सुचलंच नाही. माझ्या तक्त्यावर कुणीतरी काट मारील, एवढंच मनात आलं.

गणूला ठेवून घेतलं. भागीला वाटलं, औषधपाण्यासाठी चार दिवस ठेवताहेत. ती पेज घेऊन यायची, फाटकाशी बसायची. नंतर कुणीतरी तिला स्पष्ट सांगितलं, तेव्हा ती यायची थांबली. वर्षाच्या आत वऱ्हाडातल्या एका जोडप्याने गणूला दत्तक घेतलं. तिकडे त्याचं बरं चाललं, असं कानावर आलं. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. खाडीपलीकडे मात्र बातमी पोचली होती, की भागीने पोर उपाशी ठेवलं. तिची जाऊ शेतावर जाताना आपलं मूल तिच्याजवळ ठेवीनाशी झाली.

त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, आश्रमाचं काम सुटल्यावर, मी एकदा होडीत बसून पलीकडे गेले. सांगायचंच, असं ठरवून गेले होते. भागी अंगणात सुपाऱ्या सोलत होती. केस पिकले होते. मला पाहून उठली, पदर सावरला, बसायला पाट दिला. रागाचं एक अक्षर काढलं नाही. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग हात थांबवून म्हणाली, "बाय, तुम्ही शिकलेल्या. खरां सांगा. माझ्या हातचां कमी पडलां काय वो त्याला?"

ती विचारत होती. सोळा आणे मनापासून विचारत होती. इतकी वर्षं तिने लोकांचं नव्हे, माझ्या कागदाचं खरं मानलं होतं.

मी म्हटलं, "पडलं असेल."

तिने मान हलवली. मग आत जाऊन माझ्यासाठी शहाळं फोडून आणलं, आणि मी ते प्यायले.