बंदचालूदादांची संघटना

बंदचालूदादांना मी पाहिलं नंतर, ऐकलं आधी. नोकरीचा पहिला दिवस. मी खुर्चीत टेकतोय तोच पलीकडच्या रांगेतून आवाज आला, "आता बंद करा, आणि पुन्हा चालू करा." आवाजात असा काही अधिकार होता की मी माझा कॉम्प्युटर बंद करून चालू केला. शेजारच्यानेही केला. चहावाल्या मावशींनी कॉफीचं मशीन बंद करून चालू केलं, लिफ्ट अधेमधे थांबून पुन्हा निघाली आणि साहेब केबिनबाहेर येऊन परत आत गेले. फोनवर जे कोणी आजोबा होते, त्यांचा प्रिंटर मात्र ढिम्म.

"आजोबा, वायर लावलीय का?" दादांनी विचारलं.

लावलेली नव्हती.

आमची कंपनी म्हणजे दुसऱ्यांच्या बिघडलेल्या यंत्रांची फोनवरून विचारपूस करणारी. दिवसभर हेडफोन चढवून अनोळखी माणसांशी गोड बोलायचं. शेजाऱ्याशी बोललं की वेळ वाया गेला. त्यात कोणाला ठरलेली खुर्ची नाही. सकाळी जी मोकळी सापडेल ती आपली. आज डावीकडे बसलेला उद्या कुठे असेल, हे त्याच्या बायकोलाही सांगता आलं नसतं. दादा तेवढे रोज सगळ्या रांगांतून फिरून "काय रे, झोप झाली का?" असं विचारायचे आणि मगच कामाला बसायचे. घरी ते एकटेच. धाकटी बहीण परगावी. रविवारी तिचा फोन आला की सवयीने म्हणायचे, "बोला, काय मदत करू?"

"आधी स्वतःला कर," ती म्हणायची.

एक दिवस आमच्यातली चष्मेवाली यायची बंद झाली. दादांबरोबर डबा खाणारी ती एकटीच. आम्हाला वाटलं, दुसऱ्या रांगेत बसत असेल. रांगांतून फिरताना ती दिसेना तेव्हा दादांना वाटलं, रजेवर असेल. आपणही लगेच चौकशी केली नाही, हेच त्यांना पुढे लागलं. बऱ्याच दिवसांनी त्यांनी तिच्या घरी फोन केला तेव्हा कळलं, ग्राहकांशी फार वेळ बोलते म्हणून तिला काढून टाकलं होतं.

"मांजर हरवलं तरी गल्लीत चौकशी होते," दादा मला म्हणाले. "इथे माणूस गेलं आणि कोणाला पत्ता नाही. आपली संघटना पाहिजे."

"दादा, आपण काय गिरणीकामगार आहोत? इंजिनियर आहोत आपण."

"दिवसभर काय विचारतोस लोकांना?"

"वायर लावलीय का."

"मग इंजिनियरसाहेब, जरा बेताने."

"आणि साहेबांना कळलं तर? खुर्ची जाईल."

"तुला खुर्ची आहे कुठे?"

मी हो म्हणालो. कंपनीत मेसेज वाचले जातात, म्हणून दादांनी प्रत्येकाच्या कानात सांगितलं, "शनिवारी शिफ्ट सुटली की मीटिंग." सगळ्यांनी माना डोलावल्या.

शनिवारी शिफ्ट सुटली, तसे आम्ही सगळे धूम घरी पळालो, लॅपटॉप उघडला आणि लिंकची वाट बघत बसलो. मीटिंग म्हटली की लिंक येते, हे आमच्या हाडीमासी खिळलेलं. मी तर शर्टही बदलला होता. लिंक आली नाही. आपल्यालाच वगळलं असं ज्याला त्याला वाटलं, त्यामुळे सोमवारी कोणी कोणाला विचारलं नाही.

सोमवारी दादा रांगांतून फिरले नाहीत. थेट हेडफोन चढवला.

मावशी मला म्हणाल्या, "टेबलं जोडून बसले होते कँटीनमध्ये. भांडंभर चहा करायला लावला, आणि एक चिटपाखरू फिरकलं नाही. मग मीच बसले एका खुर्चीवर. बरं दिसेना ते."

मी दादांना गाठलं. "अहो, लिंक का नाही पाठवलीत?"

"कसली लिंक?"

मी सांगितलं. ते हेडफोनची गादी अंगठ्याने पुसत राहिले.

"म्हणजे तुम्ही सगळे होतात?"

"सगळे होतो. आपापल्या घरी."

पुढच्या वेळी दादांनी आपल्या फोनवरून लिंक पाठवली. सगळे आले. म्हणजे पडद्यावर काळे चौकोन आले. कॅमेरे बंद, आवाज बंद. "कोणी आहे का रे?" दादांनी विचारलं, तेव्हा चौकोनाचौकोनात हाताचं चित्र वर झालं. तेवढ्यावर संघटना झाली.

कंपनीने पुष्कळ ताणलं, पण शेवटी दोन मागण्या मान्य केल्या. संघटनेला विचारल्याशिवाय कोणाला काढायचं नाही, ही पहिली. त्यात चष्मेवाली परत आली. दुसरी मागणी घरून काम करण्याची. त्या मतदानात एक चौकोन सोडून सगळ्यांचे हात वर होते. "बहुमत म्हणजे बहुमत," दादा म्हणाले, आणि साहेबांशी त्या मागणीसाठीही तितक्याच जोराने भांडले.

आता दादा खिडकीशी टेबल लावून घरून काम करतात. रविवारी बहिणीचा फोन येतो. सकाळी ते आमच्या ग्रुपवर "झोप झाली का?" असं टाकतात, आणि खाली अंगठे उमटतात.

आमचा मजला कंपनीने सोडला. तिथे आता गाद्यांचं गोदाम आहे.