साफ फोटो

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाही — बायकोलेही नाही. सांगून मन हलकं व्हावं, असंही नाही. तुम्ही बसले आहात, म्हणून सांगतो.

बालाघाटच्या बसस्टँडजवळ माझं फोटोचं खोपटं होतं. एक माणूस बसंल एवढं, लाकडी. आत कॉम्प्युटर, त्याच्यावर वेबकॅम. लोक हसायचे — ह्या एवढ्याशा डोळ्यानं काय फोटो निघते? निघते. चौथी शिकलेला माणूस मी, पण काचेभोवतीची चकती केसभर फिरवून पापणीचा केसन् केस दाखवायचो. दोन बाजूंनी दोन बल्ब, अन् बसणाऱ्यानं श्वास धरायचा. माझा फोटो धुरकट होता, असं आजही कोणी म्हणून दाखवावं.

मोठी वहिनी पोरीले घेऊन आली. सुषमा — माझी पुतणी. खैरलांजीच्या स्थळाले फोटो पाठवायचा होता. पोरीच्या गालावर कांजण्यांचे खड्डे. वहिनी दारातूनच म्हणाली, "स्टुडिओ बंद आहे, म्हणून तुमच्या डब्यात आलो, भाऊजी. साफ काढजा."

साफ. आमच्याकडे साफ म्हणजे स्पष्ट, अन् साफ म्हणजे उजळ, बिनडागाचंही. तिले कोणतं पाहिजे होतं, हे मले समजलं नसंल का?

पण डबा — तो शब्द लागला.

दोन्ही बल्ब जळत असले की खड्डे भरून निघते. एकच असला तर एकेका खड्ड्यात सावली बसते. मी डावा बल्ब बंद केला. म्हटलं, "उडाला वाटते." सुषमा म्हणाली, "काका, श्वास धरू?" धर म्हटलं. ती धरून बसली — अन् मी सावकाश चकती फिरवत राह्यलो.

एकेक खड्डा दिसंल असा साफ फोटो मी पुन्हा कधी काढला नाही. वहिनीले जवळचं दिसत नव्हतं, तिनं तो तसाच पाकिटात टाकला. सुषमानं मात्र पाह्यला. लय वेळ पाह्यला.

खैरलांजीहून नकार आला. पत्रिका जुळली नाही म्हणे. मीही मान हलवली.

आता तुम्ही म्हणाल, खोटं तर काही दाखवलं नाही ना? हौ, मीही इतकी वर्षं तेच म्हणत आलो. दुसरे लोक चेहरे गोरे करून देत, मी कधी केलं नाही. त्याचा गर्व मले आजही आहे. मग बल्ब काहून बंद केला?

तो उडाला नव्हता. त्या दोघी रस्त्यावर गेल्या, तसा मी तो लावला — अन् पुढच्या गिऱ्हाइकाले बसवलं.