यंदा गच्चीवर गहू नाही

आमच्या वस्तीत उन्हाळ्यात कुणाच्या घरचं कसं चाललंय हे विचारावं लागत नाही, गच्चीकडे पाहायचं. वर्षाचा गहू एकदाच भरायचा, ही आमच्याकडची रीत. बाबा कळमेश्वरच्या कारखान्यात कंत्राटी कामाला. तरी दर एप्रिलमध्ये आई त्यांना घेऊन इतवारीच्या धान्यबाजारात जायची, चार दाणे दाताखाली फोडून बघायची आणि दोन पोती टेम्पोत टाकून आणायची. मग गहू गच्चीवर वाळायचा. त्याला एरंडेल चोळायचं, कडुनिंबाचा पाला घालायचा, कोठी बंद. पुढे काहीही होवो, घरात पोळी आहे. आईच्या संसाराची सगळी मांडणी त्या कोठीवर, आणि माझ्या आठवणीत ती एकदाही बिघडली नव्हती.

यंदा बिघडली. बिघडवली गेली.

धाकट्या बहिणीच्या आठवीच्या निकालाच्या दिवशी शाळेने हातात एक कागद ठेवला. गणवेश बदलला, निळ्याचा मरून झाला. कापड, बूट, वह्या, पुस्तकं, सगळं एकाच दुकानातून घ्यायचं, तेही आठ दिवसांत. वर डिजिटल वर्गाचे वेगळे पैसे, ज्याबद्दल वर्षभर कुणी चकार शब्द काढला नव्हता. मागच्याच वर्षी आईने निळा स्कर्ट चार बोटं दुमडून शिवून घेतला होता, दहावीपर्यंत निघेल म्हणून. एवढा पुढचा विचार शाळा चालवणाऱ्यांनी कधी केला असता तर!

मी त्या दुकानात गेले. साध्या वहीवर शाळेचं नाव छापलेलं, किंमत दुप्पट.

"बाहेरची वही का चालत नाही?"

"मले काहून विचारता मॅडम? शाळेले विचारा."

शाळेला विचारलं. कार्यालयातल्या बाई मान वर न करता म्हणाल्या, "परवडत नसेल तर दुसऱ्या शाळा आहेत की."

परवडत नसेल तर! माझी बहीण तिथे पहिलीपासून शिकतेय. आता नववीत तिला उपटून कुठे लावायचं? हे त्यांनाही ठाऊक आहे, म्हणून तर इतक्या निवांतपणे बोलतात. गव्हाचे पैसे त्या दुकानात गेले.

मी शिक्षण विभागाला तक्रार लिहिली. कॉलेजातल्या संघटनेची पत्रकं लिहून हात थेट लिहायला सरावलेला. लिहिलं, 'या खर्चामुळे आम्हाला वर्षाचा गहू भरता आला नाही.' सही पालकाची हवी होती. आईने वाचलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे खोड."

"काहून? खरं नाही का?"

"खरं आहे म्हणूनच खोड. तू पत्रक वाटून मोकळी होशील. मले या गल्लीत राहायचं आहे."

सही झाली नाही. कागद चार दिवस फ्रीजवर पडून राहिला.

पाचव्या दिवशी आम्ही दोघी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. शेजारच्या काकूंनी त्यांच्या गच्चीवरून विचारलं, "काहून वं, यंदा गहू नाही वाळवला?"

"यायच्या गावाहून येऊन राहिला," आई म्हणाली.

बाबांच्या गावी आमचं एक वावरही उरलेलं नाही. मला आईचा राग आला, अगदी शाळेइतकाच आला. पण काकूंची मुलगीही त्याच शाळेत. मी त्यांच्या गच्चीकडे पाहिलं.

"काकू, तुमचा कुठं आहे?"

"आमचा बी गावाहूनच येऊन राहिला."

समोरच्या तीन गच्च्या तशाच मोकळ्या. तिन्ही घरच्या मुली त्या शाळेत. मी हात करून विचारलं, "यांचा पण गावाहूनच येणार आहे का?"

काकू फिस्सकन हसल्या.

"कोणतं गाव आहे वं हे? सगळ्यायचा गहू तिथंच अडकला!"

आईने हातातला ओला टॉवेल झटकला. "शाळेत अडकला," ती म्हणाली, आणि मोठ्याने म्हणाली. समोरच्या गच्चीवरची बाई वळून बघू लागली.

खाली आल्यावर तिने कागद मागून घेतला. "गव्हाचं खोडू नको," म्हणाली आणि सही केली. संध्याकाळपर्यंत तिच्या सहीखाली आणखी चार सह्या होत्या.

उत्तर अजून आलेलं नाही. मी दर सोमवारी शिक्षण विभागात विचारायला जाते, ते दर सोमवारी साहेब नाहीत म्हणून सांगतात. घर पाच-पाच किलो आट्याच्या पाकिटावर चाललंय. आधी आई ते पाकीट कापडी थैलीत लपवून आणायची. आता उघडं हातात धरून आणते, शाळेच्या फाटकासमोरून. तो रस्ता लांबचा आहे.