बुडालेल्या मुलीचा शोध

शाळेच्या हजेरीपटावर मी मुलगी होतो. चाळीतही मुलगी होतो आणि रेशनकार्डावरही. मी मुलगा आहे हे त्या काळात एकट्या मला ठाऊक होतं. ते कुणाला सांगावं म्हटलं, तर लागणारा शब्दच माझ्याकडे नव्हता. लालबागच्या आमच्या चाळीत या बाबतीत जे दोन-तीन शब्द चालत, ते शिव्या म्हणून चालत. ते काही माझे नव्हते. म्हणून वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत मी गप्प बसण्याचा उद्योग मन लावून केला.

मराठीत गप्प बसणं सोपं नाही. वाक्य कितीही जपून सुरू करा, शेवटी क्रियापद येतं आणि 'गेलो' की 'गेले' हे सांगावंच लागतं. घरी त्यातल्या त्यात बरं होतं. आम्ही मूळचे मालवणकडचे. घरात मालवणीच चालायची आणि मालवणीत बाई असो वा बुवा, 'मी इलंय' म्हटलं की भागतं. शाळेत मी 'आम्ही'चा आधार घेतला. आम्ही आलो, आम्ही विसरलो, आम्ही वही आणली नाही. अनेकवचनात कुणी कुणाला ओळखत नाही. आमच्या खेळाच्या बाईंनी एकदा विचारलं, की तू कुठल्या संस्थानची राणी आहेस ते तरी कळू दे. वर्ग हसला, मीही हसलो. पण सवय सोडली नाही.

मी नववीत असताना मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, प्रार्थनेनंतर जाहीर केलं की यंदापासून मुलींना पोहायला शिकवायचं. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा ऐन भरात होती. आज ना उद्या आपलं राज्य होणार, त्याला एवढा लांब समुद्रकिनारा मिळणार आणि त्या राज्यातल्या मुली गुडघाभर पाण्याला घाबरणार, हे मोठ्या बाईंना पटत नव्हतं. गिरगावच्या बाजूला समुद्राला लागून खाऱ्या पाण्याचा एक तलाव होता. दर बुधवारी सकाळी तो मुलींसाठी राखून ठेवलेला असे. नववीच्या चोवीस मुलींनी खेळाच्या बाईंबरोबर ट्रामने तिथे जायचं ठरलं.

पाण्याची मला भीती नव्हती. भीती होती झालरीची. पोहण्याचा पोशाख प्रत्येकीने शिवणाच्या तासाला स्वतः शिवायचा होता. जाड निळं कापड, आणि कमरेला चार बोटं रुंद चुणीदार झालर. माझी झालर मी इतकी वाईट शिवली की शिवणाच्या बाईंनी ती उसवून माझ्या बाकावरच्या मैत्रिणीकडून नव्याने शिवून घेतली. त्यामुळे सबंध वर्गात सगळ्यात देखणी झालर माझ्या वाट्याला आली.

ही मैत्रीण वरळीच्या चाळीत राहायची. तिच्या वडिलांनी नुकतीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. ती पाण्याला मनापासून घाबरायची, पण तिला सुटका नव्हती. तिने घरी सर्दीचं नाव काढलं, तेव्हा वडील म्हणाले होते, की तळ्यातल्या ओंजळभर पाण्यासाठी आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली आणि तुला आख्खा तलाव मिळतोय तर तू शिंकतेस? त्यानंतर ती घरी शिंकलीसुद्धा नाही.

मला मात्र असं कुणी बांधून ठेवलेलं नव्हतं. पहिल्या बुधवारी मला सर्दी झाली. दुसऱ्या बुधवारी कान दुखला. तिसऱ्या बुधवारी हरताळ पडला, ट्राम बंद, शाळा बंद. मी गॅलरीत उभं राहून खालून जाणाऱ्या मोर्चाकडे अतिशय आपुलकीने पाहिलं. मुंबईसकट महाराष्ट्र मिळावा असं आमच्या गिरणीतल्या बाबांसारखं मलाही वाटत होतंच. फक्त तो बुधवारी लढून मिळावा, एवढीच माझी जास्तीची मागणी होती. पण चळवळीच्या पुढाऱ्यांना माझी अडचण कुठून कळणार? पुढचे मोर्चे त्यांनी शनिवारी-रविवारी काढले.

मग मी मुलींच्या शाळेतली हुकमी सबब काढली. कावळा शिवला असं सांगितलं, की खेळाच्या बाई पुढचं काही विचारत नसत. ज्या गोष्टीचा मला दर महिन्याला सगळ्यांत जास्त राग यायचा, तिच्याच पदराआड लपायची वेळ आली होती. दोन बुधवार निभावले. तिसऱ्या बुधवारी बाईंनी हजेरीची वही उघडली, मागची पानं चाळली आणि शांतपणे म्हणाल्या, "तुझा कावळा फक्त बुधवारी उडतो का गं?"

मला खरं काही सांगता येत नव्हतं. तोंडाला आलं ते बोललो. म्हटलं, घरी चालत नाही. बाबा म्हणतात उघडे पाय दिसता कामा नयेत, उघडे दंड दिसता कामा नयेत. बाबा बिचारे असं काही म्हणाले नव्हते. मला पोहायला नेणार आहेत हेच त्यांना धड माहीत नव्हतं. पण बाई पालकांच्या तक्रारींनी आधीच मेटाकुटीला आल्या होत्या. एका पालकाने तर मुलीच्या गुडघ्यांवर लांबलचक पत्र पाठवलं होतं. बाईंनी हात जोडले आणि म्हणाल्या, की चड्डी घाल, बनियन घाल, वाटलं तर घोंगडं पांघर, पण एकदा पाण्यात उतर.

अशी मुलीच्या अब्रूची काळजी म्हणून मला दादाची काळी हाफपॅन्ट आणि बनियन घालायची रीतसर परवानगी मिळाली. ती मी घरूनच शाळेच्या स्कर्ट-पोलक्याच्या आत घालून निघायचो, म्हणजे तिथे कपडे बदलायच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभं राहायला नको. दादा दर बुधवारी घरभर हाफपॅन्ट शोधायचा. आईने झालर पोशाखावरून सोडवून घेतली आणि भांड्यांच्या फळीला लावली. तिथे ती फार शोभली.

पोहणं मला लगेच आवडलं. तेव्हा शिकणाऱ्याच्या पाठीला बंद पत्र्याचा डबा बांधत. डबा तरंगायचा, त्याच्याखाली आपण हातपाय मारायचे. वेण्या रबरी टोपीत कोंबल्या, की डोकं नुसतं गोल दिसायचं. पाण्यात गळ्याखाली कुणाचं काय हे कुणाला कळत नाही. चार-पाच बुधवारांत माझा डबा सुटला. मैत्रीण तिच्या डब्याला मिठी मारून काठाकाठाने फिरत होती.

ज्या बुधवारची ही गोष्ट, त्या दिवशी तलावावर नवीन पहारेकरी होता. पांढऱ्या मिशा, खाकी कपडे, गळ्यात शिट्टी. जन्मभर गलबतावर काम करून आता ही सोपी नोकरी धरलेली. मी खोल पाण्याच्या टोकाला एकटा पोहत होतो. शिट्टी वाजली. मान वर काढली, तर तो माझ्याकडेच बोट दाखवत होता.

"ए पोरा, भायर ये. आज चेडवांचो दिवस आसा, तुका म्हायत नाय?"

मी बाहेर आलो. त्याने माझा कान धरला आणि मला तलावाच्या मागच्या बाजूला, त्याच्या पत्र्याच्या खोलीकडे नेलं. वाटेत तो मला सांगत होता, की भिंतीवरून उडी मारून मुलींच्या घोळक्यात शिरणं ही काही मर्दपणाची गोष्ट नव्हे, तुझ्या बापाला कळलं तर त्याला काय वाटेल. मला कान दुखल्याचं आठवत नाही. एवढंच आठवतं, की जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला मुलगा म्हणून रागावत होतं आणि ते संपू नये असं वाटत होतं.

त्याने विचारलं, परत असं करशील का? मी म्हणालो, "चुकलो."

आयुष्यात दुसऱ्या माणसासमोर तोंडातून निघालेलं माझं ते पहिलं खरं क्रियापद. आभाळ कोसळलं नाही. म्हातारा फक्त 'बरां' म्हणाला. मग माझं गाव विचारलं. त्याचं गाव आमच्या गावापासून खाडीपलीकडे निघालं. त्याने मला स्टुलावर बसवलं, बशीत चहा ओतून दिला, आणि तू पोहताना मान उगाच उचलतोस, कुशीवर वळून श्वास घे, असं हाताने करून दाखवलं. मीही चहा पीत हवेत हात मारून दाखवला. पंधरा मिनिटं मी खाडीपलीकडचा एक साधा, थोडासा वाह्यात मुलगा होतो.

इकडे तलावात बाईंनी डोकी मोजली. तेवीस भरली. परत मोजली. परत तेवीस. मग बाईंची किंकाळी आम्हाला खोलीपर्यंत ऐकू आली. एक मुलगी धापा टाकत आली आणि कोपऱ्यावरूनच ओरडून सांगून गेली, की आमच्यातली एक बुडाली.

म्हाताऱ्याने बशी खाली ठेवली, मिशा पुसल्या आणि माझ्या दंडाला धरलं. "चल रे. तुका पोवाक येता. तू त्या टोकाक बघ, मी ह्या टोकाक."

इथे मी बोलायला हवं होतं. आजवर अनेकांनी मला हे सांगितलंय आणि मला ते मान्य आहे. पण त्याने माझ्यावर एक पुरुषाचं काम टाकलं होतं, आणि ते टाकताना क्षणभरही विचार केला नव्हता. मी त्याच्याबरोबर धावलो आणि उडी मारली. बुडालेली मुलगी मीच आहे, हे डोक्यात यायला मला एक आख्खी बुडी लागली. तळाशी गेलो, डोळे उघडून इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. वर आलो, दम घेतला आणि आता काय करावं ते सुचेना, म्हणून आणखी एक बुडी मारली.

दुसऱ्यांदा वर आलो, तर काठावर बाई उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. माझं नाव घेऊन त्या एवढंच म्हणाल्या, की तू काय शोधतेयस?

पुढची चौकशी तिथेच, ओल्या फरशीवर झाली. बाई स्टुलावर बसल्या. म्हातारा अंगावरून पाणी निथळत उभा होता. आपण एका मुलीचा कान धरला हे कळल्यावर त्याचा चेहरा पडला होता. तो पुन्हा पुन्हा माफी मागत होता. बाईंनी मला विचारलं, की त्यांची चूक झाली तर तू सांगितलं का नाहीस? मी म्हणालो, त्यांनी विचारलं नाही. ते खरंच होतं.

तेवढ्यात म्हातारा म्हणाला, "पण बाईनू, माका म्हणालो ना तो, 'चुकलो' म्हणून. माझ्या कानान ऐकलंय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, पण काहीतरी जुळवून बघणं होतं. सगळ्या सबबी, झालर, हाफपॅन्ट, सगळंच. काय झालं हे मला माहीत होतं, बाईंना कळायला दोन पावलं उरली होती.

आणि माझी मैत्रीण डबा पाठीवर घेऊन पुढे आली. "बाई, 'आम्ही चुकलो' म्हणाली असेल. ही नेहमी आम्ही-आम्हीच करते, तुम्हाला माहितीय ना."

बाईंनी म्हाताऱ्याला विचारलं, 'आम्ही' म्हणाली का? म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. त्याने काय ऐकलं होतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. माझ्या चेहऱ्यावर त्याला काय दिसलं, ते मला आजही सांगता येणार नाही.

"म्हणाली असतली," तो म्हणाला. "माझे कान आता म्हातारे झाले."

बाईंनी श्वास सोडला. शिक्षा म्हणून मला आठवडाभर मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. ते मला फारसं कठीण गेलं नाही. घरी जाताना ट्राममध्ये मी मैत्रिणीचे आभार मानायला लागलो. ती म्हणाली, काठाच्या कोपऱ्यातून तू खोलीशी चहा पीत बसलेली मला पहिल्यापासून दिसत होतीस. मग बोलली का नाहीस, मी विचारलं. ती म्हणाली, तू बुडालीस म्हणून आमचा तास बंद पडला होता, मी कशाला बोलू?

आईला मी गंमत म्हणून अर्धीच गोष्ट सांगितली. चहाचं आणि कानाचं गाळलं, बुड्यांचं सांगितलं. ती पोळपाटावरून मान न उचलता हसत राहिली.

पुढच्या बुधवारपासून म्हातारा मला पोरा म्हणाला नाही आणि पोरीही म्हणाला नाही. 'काय गाववाले' म्हणून हात वर करायचा. मी त्याने दाखवलेला श्वास मैत्रिणीला शिकवला. वर्षअखेरच्या परीक्षेत तिने तलावाची रुंदी डब्याशिवाय पार केली, तोंडाने अखंड काहीतरी पुटपुटत. प्रार्थना असावी असं बाईंना वाटलं. मी जवळून ऐकलं होतं, ती प्रार्थना नव्हती. तिचे वडील गिरणीतून खाडा करून आले होते. त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले आणि म्हाताऱ्याला दोन दिले.

राज्य आलं, पण शाळेचं पोहणं तोवर बंद पडलं होतं. खाऱ्या पाण्याने मुलींचे केस गळतात अशी पालकांची तक्रार होती. मी मॅट्रिक झालो, परगावी नोकरी धरली, केस कापले, नाव बदललं. घरच्यांशी त्यावरून बरंच झालं. ते सांगायला बसलो तर हसू येणार नाही, म्हणून इथे नको.

बऱ्याच वर्षांनी मी मुंबईला परत आलो. एकदा दादरच्या भाजीबाजारात एक बाई माझ्यासमोर थांबली. हातात पिशवी, मागे बारा वर्षांचा मुलगा. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, शर्ट, पॅन्ट, मिशी. मला पळून जावंसं वाटलं.

"कसा आहेस?" माझी बाकावरची मैत्रीण म्हणाली. जशी कालच भेटली होती आणि काल तसंच म्हणाली होती.

मी म्हणालो, बरा आहे. मग आम्ही भाजीच्या दरांवर बोललो, खेळाच्या बाईंविषयी बोललो. तिचा मुलगा कंटाळून पिशवी ओढत होता. हा पाण्याच्या नावाने पळतो, तिने तक्रार केली, आजोबा याला रोज ओरडतात, तू शिकवशील का? मी म्हणालो, रविवारी सकाळी पाठव. मुलाने माझ्याकडे वाईट नजरेने पाहिलं आणि म्हणाला, रविवारी त्याला सर्दी असते.